पावसाच्या मुलखातली पोरे

कर्नाटकात जाणारा मराठी माणूस साधारणपणे तीन गोष्टींसाठी जातो. म्हैसूरचा राजवाडा, जोगचा धबधबा, नाहीतर शृंगेरी-उडुपीचे देवदर्शन. गेल्या जूनमध्ये मी आणि माझे चिरंजीव शिमोग्याकडे निघालो तेव्हा शेजारच्या बिऱ्हाडातल्या आजोबांनी "जोग ना?" म्हणून विचारलेच. जोग नव्हे म्हटल्यावर "मग शृंगेरी!" असे म्हणून त्यांनी भाविकपणे हातही जोडले.

"नाही हो, एक मुलगा पाहायला चाललोय," मी म्हणालो. त्यांची मुद्रा पाहिली आणि घोटाळा ध्यानात आला. माझ्या घरात उपवर मुलगी नाही हे त्यांना पक्के ठाऊक आहे. मग मी खुलासा केला, की हा मुलगा चित्रपटातला आहे, त्याचे नाव नाणी, आणि तो १९७७ सालापासून आठ-दहा वर्षांचाच आहे. खुलाशाने त्यांचे समाधान झाले असे मला वाटले नाही. मराठीचे प्राध्यापक असेच काहीतरी बोलतात, अशी समजूत करून घेऊन ते फिरायला निघून गेले.

खरे सांगायचे तर त्यांना मी अर्धेच सांगितले होते. उरलेले अर्धे मी घरच्यांपुढेही धडपणे बोललो नव्हतो. ते या लेखात यायचे आहेच. पण प्रवासाची गोष्ट प्रवासाच्या क्रमाने सांगितलेली बरी.

मिरजेहून बंगळूरकडे जाणारी रात्रीची गाडी पहाटे बिरूर जंक्शनला थांबते. तिथे उतरायचे आणि तरीकेरे, भद्रावती करीत शिमोग्याला जायचे. २०१४ पासून गावाचे नाव कागदोपत्री 'शिवमोग्ग' झाले आहे. पण जुने नाव जिभेवरून उतरायला वेळ लागतोच. बिरूरच्या फलाटावर चिरंजीवांनी कानातली यंत्रे काढली आणि विचारले, "बाबा, इथे सगळे 'मळे मळे' काय म्हणताहेत? कुणाचे मळे?"

मी खूश झालो. पोराला तेरावे लागल्यापासून तो मला आपणहून प्रश्न विचारीत नाही. मी विचारलेल्या प्रश्नाला "हं" हे एकच उत्तर देतो. मी लगेच व्याख्यानाला सुरुवात केली. कानडीत 'मळे' म्हणजे पाऊस आणि 'मले' म्हणजे डोंगर. आपण चाललो तो मुलूख मलेनाडू, म्हणजे डोंगरांचा देश. पण तो मळेनाडू म्हटला तरी कुणाचे काही बिघडणार नाही, इतका पाऊस तिथे पडतो. 'ल' आणि 'ळ' यांतला हा फरक मराठी कानाला ऐकू येतो, हे आपले भाग्य. एवढे होईतो यंत्रे पुन्हा कानांत गेली होती.

आता त्या नाणीविषयी. यू. आर. अनंतमूर्तींची 'घटश्राद्ध' नावाची एक दीर्घ कथा आहे. तिच्यावर गिरीश कासरवळ्ळी यांनी १९७७ मध्ये त्याच नावाचा चित्रपट केला. तो त्यांचा पहिला पूर्ण लांबीचा चित्रपट, वय सत्तावीस. दिग्दर्शनाचे शिक्षण त्यांनी आपल्या पुण्यात, फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये घेतले होते. त्या पहिल्याच चित्रपटाला राष्ट्रपतींचे सुवर्णकमळ मिळाले. नाणीचे काम करणाऱ्या मुलालाही बालकलाकाराचे पारितोषिक मिळाले. २०२४ मध्ये व्हेनिसच्या महोत्सवात या चित्रपटाची धुऊन-पुसून नवी केलेली प्रत दाखवली गेली. ही झाली वृत्तपत्री माहिती.

गोष्ट अशी. मलनाडातल्या एका अग्रहारात उडुप नावाच्या वैदिकाची पाठशाळा आहे. नाणी तिथे वेद शिकायला येतो. थोरली पोरे त्याला छळतात. आणि उडुपांची तरुण विधवा मुलगी यमुना त्याला पदराखाली घेते. ती गावातल्या एका शाळामास्तरापासून गरोदर आहे. नाणीला त्यातले फारसे काही कळत नाही. वारुळात हात घालून जीव द्यायला निघालेल्या यमुनेजवळ त्या रानात एकच माणूस असते. आणि ते माणूस म्हणजे हे पोर. शेवटी सारे उघडकीला येते. उडुप जिवंत मुलीचे श्राद्ध घालतात, घट फोडतात आणि तिला वाळीत टाकतात. पाठशाळा मोडते. नाणीचा बाप त्याला न्यायला येतो. आणि जाताजाता झाडाखाली बसलेली, केशवपन केलेली यमुना नाणीला दिसते. बाप पोराला घेऊन पुढे जातो. चित्रपट संपतो.

आपल्या वाचकांना 'घटस्फोट' हा शब्द नवराबायकोच्या काडीमोडीपुरताच परिचयाचा आहे. मूळचा तो हाच विधी. ज्याला जातीबाहेर टाकायचे त्याच्या नावाने घट फोडायचा आणि तो मेला असे समजायचे. शब्द आपण कोर्टात नेऊन बसवला आणि त्याच्या पोटातला फुटका घट विसरून गेलो. भाषा अशा पुष्कळ गोष्टी पोटात घालते.

हा चित्रपट मी मे महिन्याच्या सुट्टीत चिरंजीवांना दाखवला. काळा-पांढरा, संथ, खाली इंग्रजी अक्षरे. पोरगा दहा मिनिटांत उठून जाईल असे मला वाटले होते. तो उठला नाही. संपल्यावर थोडा वेळ गप्प बसला आणि म्हणाला, "बाबा, त्या मुलानं तिला हाक का नाही मारली?"

मी म्हणालो, "लहान होता रे."

"लहान मुलं हाक मारू शकतात की," तो म्हणाला आणि झोपायला गेला.

मी मात्र झोपलो नाही. कारण ते झाड, तो बाप आणि ते पोर मी फार जवळून पाहिले होते.

शिमोग्याहून आगुंब्याची मोटार तुंगेच्या काठाकाठाने जाते. गाजनूरचे धरण मागे पडते, सक्रेबैलच्या हत्तींच्या छावणीत हत्ती पाण्यात बसलेले दिसतात, मग सुपारीच्या बागा लागतात आणि त्या सुपारीच्या बागांआड घरे आहेत की घरांआड बागा, हे शेवटपर्यंत ठरत नाही. साठ किलोमीटरवर तीर्थहळ्ळी येते. तालुक्याचे गाव, पण कानडी साहित्याच्या नकाशावर राजधानी म्हणावे असे. कुवेंपू या तालुक्यात कुप्पळीला वाढले. अनंतमूर्ती १९३२ मध्ये इथल्याच मेळिगे गावी जन्मले. कासरवळ्ळी याच तालुक्यातल्या केसलूरचे. एम. के. इंदिरा जन्मल्या याच गावात. त्यांच्या 'फणियम्मा' कादंबरीतली बालविधवा वयात येण्याआधीच म्हातारी केली जाते, आणि पुढचे सारे आयुष्य दुसऱ्यांच्या लेकींची बाळंतपणे निस्तरीत घालवते. प्रेमा कारंत यांनी तिच्यावर चित्रपट केला आहे.

तीर्थहळ्ळीच्या स्टँडवर मोटार वीस मिनिटे थांबली. चिरंजीव म्हणाले, "उतरायचं ना? इथंच ना?"

"आधी आगुंबे पाहून येऊ," मी म्हणालो. "येताना उतरू."

माझ्या खिशात तीर्थहळ्ळीचा एक पत्ता होता. मी खिडकीतून बाहेर पाहत बसलो आणि मोटार सुटल्यावर मला बरे वाटले. पंचेचाळीस वर्षांचा माणूस इतका भित्रा असू शकतो, हे मुलाला कळू नये म्हणून मी त्याला सुपारी कशी सोलतात ते सांगू लागलो. मला ते धड माहीत नव्हते.

आगुंबे समुद्रसपाटीपासून सुमारे साडेसहाशे मीटर उंचीवर, घाटाच्या अगदी ओठावर बसले आहे. वर्षाकाठी सरासरी सात हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस इथे पडतो. अरबी समुद्रावरून आलेला ढग या कड्याला धडकतो आणि हातातले सगळे तिथेच टाकून देतो. आम्ही पोहोचलो तेव्हा पावसाळ्याचा पहिला आठवडा होता. तरीही रस्ता, छपरे, कुत्री आणि माणसे यांचा रंग एकच झाला होता. नागराजाचे, म्हणजे किंग कोब्राचे, हे माहेरघर. रोम्युलस व्हिटेकर यांनी २००५ मध्ये इथे संशोधन केंद्र काढले. चिरंजीवांना साहित्यापेक्षा या माहितीत अधिक रस होता, आणि रात्री चपला घालताना त्या झटकून घेण्याइतका तो व्यवहारीही होता.

आमच्या पिढीला आगुंबे माहीत आहे ते निराळ्याच नावाने. शंकर नाग यांनी 'मालगुडी डेज' ही मालिका दूरदर्शनसाठी केली, तिचे मालगुडी म्हणजे हे गाव. तिथले 'दोड्डमने', म्हणजे मोठे घर, अजून उभे आहे. शंभराहून अधिक वर्षांचे, लाकडी खांबांचे, मधल्या चौकात आभाळ उतरवून घेणारे. ओटीवर बसले की कुणीतरी कढत 'कषाय' आणून देते. धने-जिऱ्यांचा तो काढा दूध-गुळासकट प्यायला की पाऊस थोडा लांब गेल्यासारखा वाटतो. रेल्वेनेही या मालिकेची आठवण ठेवली आहे. शिमोगा-ताळगुप्पा मार्गावरच्या अरसाळू स्टेशनात २०२० मध्ये मालगुडीचे छोटे संग्रहालय झाले.

इथे एक मौज सांगण्यासारखी आहे. आर. के. नारायण यांनी म्हैसुरात राहून हे सारे लिहिले इंग्रजीत. त्यांचे 'स्वामी अँड फ्रेंड्स' १९३५ चे. मालिका आम्ही पाहिली हिंदीत. आणि गाव, घरे, पाऊस, स्वामीचे काम करणारा मंजुनाथ आणि त्याचा बाप झालेले गिरीश कार्नाड, हे सगळे कानडी मुलखातले! तरी कानडी माणसे ती मालिका आपली म्हणतात, आणि मला ते पटते. गोष्ट कुठल्या भाषेत सांगितली यापेक्षा ती कुठल्या अंगणात घडली, यालाही काही किंमत असतेच. चित्रीकरण झाले तेव्हा शंकर नाग तिशीच्या उंबरठ्यावर होते. मुंबईच्या मराठी रंगभूमीवर त्यांनी उमेदवारी केलेली, '२२ जून १८९७' या मराठी चित्रपटाच्या पटकथेतही त्यांचा हात. १९९० च्या सप्टेंबरात मोटार-अपघातात ते गेले. वय अवघे पस्तीस.

१९८७ मध्ये ही मालिका लागे तेव्हा मी सात वर्षांचा होतो. कृष्णाकाठच्या आमच्या गावी, आमच्या आळीत एकच दूरदर्शन संच होता. आजोबांना तो प्रकार आवडत नसे, म्हणून माझी आत्या "याला गणित शिकवते" असे सांगून मला शेजारी घेऊन जाई. सुरुवातीचे ते गुणगुणणे लागले की ती माझा हात दाबी. स्वामीचा मित्र राजम गाव सोडून जातो, स्टेशनावर मणी गाडीबरोबर धावतो आणि स्वामीने नेलेले पुस्तक कसेबसे त्याच्या हाती देतो, ती कथा तिने मला पुस्तकातून वाचून दाखवली होती. "राजम परत येईल का गं?" असे मी विचारले होते. ती म्हणाली होती, "आला नाही तर आपण जायचं."

आत्या माझ्यापेक्षा चौदा वर्षांनी मोठी. १९९० च्या जानेवारीत तिने गावातल्या बँकेत बदलून आलेल्या एका कानडी तरुणाशी लग्न केले. तो आमच्या जातीचा नव्हता. घरी चिठ्ठी ठेवून ती पहाटेच्या गाडीने गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आजोबांनी सगळ्यांना अंगणात बोलावले. म्हणाले, "आजपासून ती आपल्याला मेली. तिच्या नावाने आंघोळ करायची." सुतकाची आंघोळ गार पाण्याची. आजीच्या हातांत त्राण नव्हते. आडावरून पाणी मी आणले, बादलीमागून बादली. दहा वर्षांचा होतो. घरात काहीतरी महत्त्वाचे चालले आहे आणि त्यात आपल्याला काम मिळाले आहे, याचा मला थोडा अभिमानही वाटला. आम्ही घट फोडला नाही, इतकेच. बाकी सारे उडुपांसारखेच.

चार-सहा महिन्यांनी एका संध्याकाळी वडील मला शाळेतून घेऊन येत होते. घरासमोरच्या कडुलिंबाखाली आत्या उभी होती. हातात पिशवी होती. तिने माझ्याकडे पाहून हसल्यासारखे केले. वडिलांनी माझा हात घट्ट धरला आणि आम्ही दोघे तिच्यासमोरून घरात गेलो. मी हाक मारली नाही. आत जाऊन खिडकीतून पाहिले तेव्हा झाडाखाली कुणी नव्हते.

हे सारे मी दोड्डमनेच्या ओटीवर, पावसाकडे पाहत, मुलाला सांगितले. तो ऐकत होता. कानांत काही नव्हते.

"मग?" तो म्हणाला.

"मग काही नाही. आजोबा २००३ मध्ये गेले. तुझे आजोबा दोन वर्षांपूर्वी गेले. त्यांचं कपाट आवरताना पोस्टकार्डांचा गठ्ठा सापडला. दर दिवाळीला एक. तुझ्या आजोबांनी सगळी वाचली होती, जपून ठेवली होती. उत्तर एकाचंही दिलं नव्हतं."

"तुम्ही दिलंत?"

"दिलं. दीड वर्षानं."

त्याने त्यावर काही म्हटले नाही. तेरा वर्षांचा मुलगा बापाला बोलत नाही, तेव्हा तो रागावलेला असतो की सांभाळून घेत असतो, हे ओळखणे कठीण असते.

दुसऱ्या दिवशी भाड्याच्या मोटारीने आम्ही कुप्पळीला गेलो. इथले 'कविमने' हे कुवेंपूंचे घर. तीन मजले, सागवानासारखे काळेभोर झालेले लाकूड, मध्ये चौक, जुनी भांडीकुंडी जिथल्या तिथे लावलेली. १९०४ मध्ये आजोळी जन्मलेला पुट्टप्पा नावाचा मुलगा या घरात लहानाचा मोठा झाला आणि पुढे शिक्षणासाठी म्हैसूरला गेला. तिथे तो इंग्रजीत कविता करू लागला. आयरिश कवी जेम्स कझिन्स म्हैसुरात आले असता त्याने आपल्या कविता त्यांना दाखवल्या. कझिन्सनी त्याला विचारले, की तू आपल्या भाषेत काय लिहिले आहेस? त्या वेळी मुलाला राग आला असावा. पण त्याच प्रश्नातून कुवेंपू निघाले. १९६७ चे ज्ञानपीठ कन्नडला पहिल्यांदा मिळाले ते त्यांच्यामुळे. दरवर्षी वर्गात मी ही गोष्ट सांगतो. माझे विद्यार्थी ती परीक्षेत उपयोगी नाही हे ओळखून शांतपणे ऐकतात.

घरामागच्या टेकडीवर 'कविशैल' आहे. मोठमोठ्या शिळा उभ्या केल्या आहेत, आणि तिथेच कवीचे स्मारक आहे. खाली नजर पोचेल तिथवर रान. १९९४ मध्ये ते गेले तेव्हा त्यांना इथेच आणले. त्यांचा मुलगा पूर्णचंद्र तेजस्वी हाही मोठा लेखक. पण बापाच्या म्हैसुरात न राहता तो मुडिगेरेकडे जाऊन शेती करू लागला, आणि 'कार्वालो'सारखी रानातल्या कुतूहलाची कादंबरी त्याने तिथे लिहिली. थोर बापाच्या सावलीतून मुलाने बाहेर पडावे आणि बापाने त्याला पडू द्यावे, ही वयात येण्याची गोष्ट कुणी कादंबरीत लिहिली नाही. ती त्या दोघांनी जगून दाखवली.

कविशैलावर बसून मी एका गोष्टीचा विचार करीत होतो. आपल्याकडे लहानपणाची गोष्ट म्हटली की 'श्यामची आई' आठवते. १९३५ पासून घराघरांत ती वाचली जाते. श्याम चुकतो, आई समजावते, श्याम शहाणा होतो. मोठे होणे म्हणजे कुणीतरी शिकवलेले शिकणे. या पावसाच्या मुलखातल्या पोरांना शिकवणारे कुणी नसते. असले तर ज्याच्यापासून सुटायचे तेच शिकवणारे असतात. नाणी वेद शिकायला येतो आणि भलतेच शिकून जातो. एस. एल. भैरप्पांच्या 'गृहभंग'मध्ये प्लेगने आणि दारिद्र्याने घर धुऊन नेल्यावर नंजम्माचा पोरगा विश्व एका जंगमाचा हात धरून गावाबाहेर पडतो. भैरप्पांनी स्वतः बालपणी प्लेगमध्ये भावंडे गमावली होती. २०२५ मध्ये ते गेले, तोवर ते बालपण त्यांच्या लिहिण्यातून गेले नाही. स्वामीसुद्धा शेवटी स्टेशनावर उभा राहतो. श्याम घराकडे येतो; ही पोरे घरापासून दूर जातात. दोन्ही खरे असावे. आमच्या घरात 'श्यामची आई' दोनदा वाचून झाली होती, तरी बादल्या मी भरल्याच.

आताची कन्नड पोरे जरा धीट झाली आहेत, हेही सांगितले पाहिजे. ऋषभ शेट्टी यांच्या २०१८ च्या 'सरकारी हिरिय प्राथमिक शाले, कासरगोडु' या चित्रपटात केरळच्या हद्दीतली कन्नड शाळा बंद पडू लागते तेव्हा मुले रडत बसत नाहीत. ती म्हैसूरला जाऊन वकील गाठतात आणि खटला लढतात. त्याला उत्कृष्ट बालचित्रपटाचे राष्ट्रीय पारितोषिक मिळाले. चिरंजीवांनी हा चित्रपट माझ्याआधी पाहिला होता. "ती मुलं हाक मारतात," तो एवढेच म्हणाला.

उतरताना कविमनेच्या दाराशी एक गोष्ट कळली. कुवेंपूंनी 'मंत्रमांगल्य' नावाची विवाहपद्धती घालून दिली. हुंडा नाही, पुरोहित नाही, मुहूर्त नाही, जात विचारायची नाही. चार माणसांसमोर काही वचने वाचायची, की लग्न लागले. १९६६ मध्ये तेजस्वींचेच लग्न त्यांनी तसे लावले. हे ऐकले आणि मला आत्याचे पहिले पोस्टकार्ड आठवले. त्यात एक वाक्य होते: 'आमचं लग्न एका कवीनं लिहिलेल्या मंत्रांनी लागलं.' इतकी वर्षे वडिलांना आणि नंतर मला ते तिचे नेहमीचे काव्य वाटले होते. ती साधी माहिती होती.

तीर्थहळ्ळीला पोचलो तेव्हा दिवेलागण झाली होती. तुंगा तांबडी होऊन वाहत होती. पत्ता शोधायला पाच मिनिटेही लागली नाहीत. फाटकाशी एक उंच, पांढऱ्या केसांचे गृहस्थ छत्री घेऊन उभे होते. आतोबा! बँकेत असताना शिकलेले मराठी त्यांनी पस्तीस वर्षे बायकोशी बोलून ठेवले होते. त्यात सगळे पुल्लिंगी शब्द स्त्रीलिंगी झाले होते. "ये, ये, पाऊस फार आली," ते म्हणाले आणि आमच्या पिशव्या त्यांनी हातातून काढून घेतल्या.

आत्या दारात होती. मी वाकायच्या आत चिरंजीव पुढे झाले आणि रस्त्यावरच्या चार घरांना ऐकू जाईल अशा आवाजात ओरडले, "आजी!"

मी त्याला काही पढवले नव्हते.

रात्री जेवणे झाली. तांदळाच्या रोट्या, फणसाची भाजी, वर कढत कषाय. कानडीतही आत्याला 'अत्ते' म्हणतात, त्यामुळे इकडे आल्यावर नाते बदलावे लागले नाही, फक्त शब्द थोडा आखूड झाला, असे आत्या म्हणाली. 'घटश्राद्ध' तिने पूर्वीच पाहिला होता. "मी अर्ध्यातून उठले," ती म्हणाली. "मला यमुनेचं काही वाटलं नाही. त्या पोराचं तोंड बघवेना."

मग मी सांगितले. आंघोळीचे, आडाचे, बादल्यांचे. कडुलिंबाचेही. ती खाली पाहत ऐकत होती. माझे संपले तेव्हा तिने विचारले,

"पाणी आडाचं होतं?"

"हो."

"जानेवारीतलं?"

"हो."

"दादांना गार पाणी सोसत नव्हतं रे. खोकला झाला असेल."

झाला होता. आठ दिवस आजोबा खोकत होते, आणि आजी रात्री उठून त्यांना काढा करून देत होती. तो खोकला मला त्या क्षणी पस्तीस वर्षांनी ऐकू आला. मी मान हलवली. आत्या हसली, मग पदर डोळ्यांना लावून उठली आणि उगीचच स्वयंपाकघरात गेली. आतोबांनी कषायाचे भांडे माझ्यापुढे सरकवले. चिरंजीव आत्याच्या मागोमाग आत गेले. आतून भांड्यांचा आवाज येत राहिला, आणि काही वेळाने दोघांच्या बोलण्याचा.

आम्ही तिथे चार दिवस राहिलो. जोग राहिला, शृंगेरीही राहिली. शेजारच्या आजोबांना सांगायला काही उरले नाही, म्हणून "मुलगा पाहिला, पसंत आहे," एवढेच सांगितले.

हा अंक वाचकांच्या हाती पडेल तेव्हा आत्या आणि आतोबा आमच्या घरी आलेले असतील. नरकचतुर्दशीला पहाटे उठवून तेल लावण्याचे काम आत्याने आपल्याकडे घेतले आहे, तसे पोस्टकार्ड आले आहे. पाणी मात्र मीच काढणार आहे. चांगले कढत.